हेल्वेबाईंना मी सांभाळून घेतलं

सिंगापूरहून परतलेला माणूस रस्ते किती स्वच्छ आहेत, थुंकलं तर काय होतं आणि हे आपल्याकडे का होत नाही, एवढं सांगून झालं की प्रवासवर्णन संपवतो. यातलं मी काही सांगणार नाही. मुळात मी बोलतोच कमी. माझी बायको नंदा म्हणते, "तुझ्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी टेनिस खेळणं. फरक इतकाच, की भिंतीवरून चेंडू परत तरी येतो." पण या वेळी परत आल्यापासून गप्प बसवत नाही, म्हणून लिहायला बसलो.

एस्टोनिया नकाशात कुठे आहे हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. मग हेल्वे तामिक या तिथल्या कवयित्री-कादंबरीकार बाईंची एक कादंबरी इंग्रजीतून हाती आली. बँकेतून लवकर निवृत्त झालो होतो, वेळ होता. मी ती 'मिठाचं अंगण' या नावानं मराठीत आणली आणि 'एस्टोनियन साहित्याचे व्यासंगी अभ्यासक' झालो. आपल्याकडे एखाद्या विषयात कोणीच नसलं, की पहिला येईल तो व्यासंगी.

हेल्वेबाई एका लेखक-मेळाव्यासाठी सिंगापूरला येणार होत्या. ते तिथल्या एका मराठी मंडळाला कळलं आणि मंडळानं मला तिकीट पाठवलं. बाई आपल्या आयुष्याबद्दल इंग्रजीत बोलणार, मी मराठीत सांगणार. श्रोते सगळे पुण्या-मुंबईचे इंजिनियर. दिवसभर त्यांचं काम इंग्रजीत चालतं आणि माझ्यापेक्षा बरं चालतं. "मग मी कशाला?" असं मी कार्यवाह निखिलला फोनवर विचारलं.

"काका, मराठी टिकवायचीय," तो म्हणाला.

बेडोक

उतरलो निखिलकडेच. बेडोकला सरकारी इमारतीत बाराव्या मजल्यावर त्यांचा भाड्याचा फ्लॅट. घरात निखिल, त्याची बायको गौरी, शाळेत जाणारी जुळी आणि निखिलची आई सुमनताई. गौरी दारातच म्हणाली, "काकू नाही आल्या?"

"गुडघे," मी म्हणालो.

हे उत्तर मी पुण्यातूनच तयार करून नेलं होतं. गेल्या दिवाळीपासून तेच चाललंय. लोक लगेच हळहळतात आणि पुढचं विचारत नाहीत. गुडघ्यांइतका सभ्य अवयव दुसरा नाही.

सुमनताई साठीच्या. कराडला त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, म्हणजे आहे, पण कुलूप लावलेलं. जुळी लहान होती तेव्हा 'दोन-चार महिने' म्हणून आल्या, त्या अजून इथेच. त्यांचा मुक्कामाचा पास संपत आला होता आणि पुढचा काढायचा की नाही हे आठवडाभरात निखिलला सांगायचं होतं. निखिलच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. "आई काय, हो म्हणेल," तो आईसमोरच मला म्हणाला. सुमनताई भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज जरा वाढला.

सकाळी त्या मला खालच्या फूड सेंटरला घेऊन गेल्या. शंभरेक टेबलं, भोवती टपऱ्या, माशाच्या कालवणापासून तळलेल्या केळ्यांपर्यंत सगळं, आणि दहा वाजताच घाम. मी रिकाम्या टेबलाशी बसलो. टेबलावर टिशूचं पाकीट होतं. केवढी ही सोय, असं मनाशी म्हणत मी ते फोडलं, तोंड पुसलं, मान पुसली आणि चष्मा पुसत असताना चहाच्या टपरीवरची चिनी मावशी ओरडली, "अंकल! सीट गॉट पीपल ऑलरेडी लाह!"

सुमनताई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अहो भाऊ, ती जागा धरलीय कोणीतरी. आपल्याकडं एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकतात ना, तसं इथं टिशू."

तेवढ्यात जागेचा मालक वाडगं घेऊन आला. माझ्या हातातल्या त्याच्या आरक्षणाच्या ओल्या बोळ्याकडे त्यानं पाहिलं आणि सुसंस्कृत देशातला माणूस जितका रागावू शकतो तितका रागावला, म्हणजे काहीच बोलला नाही. आम्ही दुसरीकडे बसलो. सुमनताई बशीत चहा ओतत म्हणाल्या, "मी पण इथं टिशूचं पाकीटच आहे. दोघं कामावर गेली की घराची जागा धरून ठेवायला."

त्या हसल्या म्हणून मीही हसलो.

बुओना व्हिस्टा

दुसऱ्या दिवशी हेल्वेबाईंची भेट. बाईंना बुओना व्हिस्टाच्या बाजूला उतरवलं होतं. तिथे काचेच्या इमारती, संशोधनवाले, आणि गळ्यात ओळखपत्रं घालून जेवायला निघालेली माणसं. बाई हॉटेलच्या दारात उभ्या होत्या. बुटक्या, सत्तरीच्या पुढच्या, केस बर्फासारखे, अंगात जाड स्वेटर.

"आत हिवाळा आहे आणि बाहेर उन्हाळा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे निदान आलटून पालटून येतात."

त्यांचं बोलणं इंग्रजीत, मी इथे मराठीत देतोय. या वेळी काटेकोर देतोय. हे मुद्दाम का सांगतोय, ते पुढे कळेल.

मी त्यांच्यासाठी सूप-सँडविचची जागा शोधत होतो. त्यांनी माशाच्या डोक्याची कढी मागवली आणि डोळ्यांसकट संपवली. कोळ्याची मुलगी ती. बाल्टिक समुद्रातल्या बेटावर जन्म, पण सोव्हिएत काळात किनाऱ्यावर पहारा. नावेतून कोणी पलीकडे पळून जाईल म्हणून बापाला समुद्रात जायला परवानगी लागायची. "माझा बाप समुद्राकडे पाठ करून जेवायचा," त्या म्हणाल्या. मोठ्या झाल्यावर त्या मासे डबाबंद करायच्या कारखान्यात लागल्या आणि कविता तिथेच सुरू झाल्या. अंगाला माशांचा वास येत असल्यामुळे साहित्यसभेत शेजारची खुर्ची कायम रिकामी. "मोठी सोय. ओव्हरकोट ठेवता यायचा."

मग त्यांनी पहिल्या संग्रहाची गोष्ट सांगितली. एका ओळीत निळा समुद्र, काळी माती आणि पांढरं बर्फ होतं. निळा, काळा, पांढरा हे त्यांच्या झेंड्याचे रंग, आणि तेव्हा झेंड्यावर बंदी. त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं की नाही, यावर त्या नुसत्या हसल्या. संपादक भला माणूस होता. त्यानं दार लावून घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "हेल्वे, तुझ्या भल्यासाठी सांगतो. बर्फ करडं कर." पुस्तक आलं, बक्षीसही मिळालं. शाळेत मुलं अजून ती कविता पाठ म्हणतात, करड्या बर्फासकट.

"नंतर दुरुस्त नाही केलंत?"

"केलं ना. पण लोकांना पाठ झालेलं होतं." त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "माझ्यावर तुटून पडणारे मी विसरले, मिस्टर केळकर. पण ज्यानं मला सांभाळून घेतलं ना, तो अजून लक्षात आहे."

मी मान डोलावली. मान डोलावणं मला चांगलं जमतं.

संध्याकाळी निखिलकडे कमिटीची बैठक झाली. सुमनताई सगळ्यांना चहा देत होत्या. अध्यक्ष म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनियर. सगळे त्यांना चीफ म्हणतात. हेल्वेबाईंचा परिचय मी लिहून आणला होता. चाळिशीत नवरा आणि दोन जवळजवळ मोठे मुलगे यांना बेटावर ठेवून बाई राजधानीत एका खोलीत राहायला गेल्या आणि कादंबरी लिहिली, इथवर चीफ वाचत आले आणि त्यांनी चष्मा काढला.

"केळकरसाहेब, घर सोडलं?"

"हो. कादंबरी त्यावरच आहे."

"कार्यक्रम कौटुंबिक आहे हो," निखिल म्हणाला. "आज्या असतात. मुलं असतात."

"रिलोकेट झाल्या म्हणा," चीफ म्हणाले. "आपण सगळे झालोच की."

"आणि मिस्टर?" निखिलनं विचारलं.

"मिस्टर बेटावरचं बघत होते म्हणा."

गौरी लॅपटॉपवर काम करत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि त्यांचे गुडघे दुखत होते म्हणा." मी चहाचा कप खाली ठेवला. तिनं सहज म्हटलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

बुकित पंजांग

कार्यक्रम बुकित पंजांगला, एका इमारतीखालच्या सार्वजनिक खोलीत होता. शेवटचा टप्पा छोट्या, पुलावरून धावणाऱ्या बिनचालकाच्या गाडीचा. ती गाडी लोकांच्या घरांना अगदी खेटून जाते, आणि घर जवळ आलं की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात. प्रवाशांना कोणाच्या स्वयंपाकघरात डोकावता येऊ नये म्हणून. घर मागे पडलं की काच पुन्हा स्वच्छ. मला फार कौतुक वाटलं. ही काच मराठी माणसानंच शोधली असणार, असंही वाटलं.

आधी दीपप्रज्वलन. अग्निशमनाच्या नियमामुळे समई बॅटरीची होती, ती चीफनी मागचं बटण दाबून प्रज्वलित केली. मग सत्कार. आम्हा दोघांना शाली होत्या, पण शेंडीचा नारळ आणायचा राहून गेला होता. आयत्या वेळी कोणीतरी दुकानातून शहाळं आणलं, पांढरं, तासलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. हेल्वेबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्या कानात विचारलं, "स्ट्रॉ?"

चीफनी परिचय करून दिला. एस्टोनिया, शिवराय, समुद्र, मंडळाचे माजी अध्यक्ष आणि पुन्हा समुद्र असा तो प्रवास झाला. बाई शहाळं मांडीवर धरून शांत बसल्या होत्या.

मग त्या बोलल्या आणि मी मराठीत सांगत गेलो. कारखाना, कविता, करडं बर्फ, सगळं नीट सांगितलं. 'घर सोडलं' तिथे मी 'राजधानीत आल्या' म्हणालो. काच जरा धुरकट केली. पहिल्या रांगेत चीफनी समाधानानं मान हलवली.

प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून, आज्यांच्या घोळक्यातून, सुमनताई उठल्या. निखिल दचकला. त्या माइकशिवायच म्हणाल्या, "बाईंना विचारा, लेकरांना ठेवून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं का? चुकलं असं वाटलं का कधी?"

मी ते इंग्रजीत विचारलं. हेल्वेबाईंनी सुमनताईंकडे नीट पाहिलं. त्यांचं उत्तर मी आता लिहितो, कारण तेव्हा सांगितलं नाही:

"आठवण रोज आली. पश्चात्ताप एकदाही झाला नाही. लोक या दोन्ही गोष्टी एकाच डब्यात भरतात. भरू नयेत. डबा फुगतो."

सभागृहात सगळ्यांनी ते ऐकलं. निखिलनं ऐकलं, चीफनी ऐकलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "बाई म्हणतात, रोज आठवण यायची. उशी ओली व्हायची. यश मिळालं, पण घरापुढे ते काहीच नाही, हे उशिरा कळलं. आईची जागा कोणी घेऊ शकत नाही."

टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. एका बाईनं डोळे पुसले. सुमनताई हळूच खाली बसल्या.

हेल्वेबाई माझ्याकडे वळल्या. "टाळ्या?" त्या म्हणाल्या. "या उत्तराला मला आजवर कुठेही टाळ्या मिळालेल्या नाहीत. आमच्या बेटावर तर एकानं खुर्ची आपटली होती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तुमचं वाक्य फार लांब होतं. मिस्टर केळकर, माझं बर्फ करडं केलंत का?"

मी शाल नीट केली.

जेवणात पुलाव आणि गुलाबजाम होते. ताट हातात घेऊन एकेक जण येत होता. "काय सांभाळून घेतलंत!" "बाई तर काहीतरीच बोलल्या, पण तुम्ही छान वळवलंत." चीफनी पाठ थोपटली, "अनुवाद म्हणजे काय ते आज कळलं." एवढे सुशिक्षित लोक, प्रत्येकानं खरं ऐकलेलं, आणि एकालाही ते नको होतं. सभागृहात खऱ्या फसल्या त्या एकट्या सुमनताई, ज्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि ज्यांनी खरोखर विचारलं होतं.

पुन्हा बेडोक

सकाळी सुमनताईंबरोबर बाजारात गेलो. त्या भेंड्या निवडत होत्या. इथल्या भेंड्या कराडच्या भेंड्यांसारख्या मोडून बघता येत नाहीत, भाजीवाला डोळे वटारतो, म्हणून त्या नुसत्या दाबून बघत होत्या.

"निखिलला सांगून टाकते, काढ पास," त्या म्हणाल्या. "एवढी मोठी बाई, पुस्तकं लिहिणारी, तिला रडू आलं म्हणते. मग मी कोण? दुकानाचं काय, कुलूप आहेच."

पुढे गप्प राहिलो असतो तर कोणालाच कळलं नसतं, आणि गप्प राहण्यात मी तयार गडी. पण भेंडी दाबणारा तो हात पाहून मला राहवलं नाही.

"सुमनताई, बाई तसं म्हणाल्या नाहीत."

"म्हंजे?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. आठवण रोज, पश्चात्ताप एकदाही नाही, दोन्ही एका डब्यात भरू नयेत. त्या हातातली भेंडी घट्ट धरून ऐकत राहिल्या.

"मग उशी?"

"उशी माझी."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात. शाल पांघरून, माइकवर."

"हो."

"का?"

चीफ, कौटुंबिक कार्यक्रम, आज्या, ही सगळी कारणं जिभेवर होती. ती खोटी नव्हती, पण खरी कारणं ती नव्हती. मी म्हणालो, "माझी बायको दिवाळीपासून दापोलीला एकटी राहते. झाडांची रोपवाटिका काढलीय. भांडण नाही, काही नाही. मला म्हणाली, 'आता मला माझ्यापुरतं राहायचंय, तुला काही म्हणायचंय का?' मी काही म्हणालो नाही. काल तुम्ही विचारलंत ना, ते मलाच तिला विचारायचं होतं. आणि उत्तर मला रडकंच हवं होतं. म्हणून बाईंच्या तोंडी घातलं."

भाजीवाला वैतागून म्हणाला, "आँटी, बाय ऑर नॉट बाय?"

"थांब रे बाबा," सुमनताई मराठीतच म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आणि गुडघे?"

"उत्तम आहेत. डोंगर चढते."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की भाजीवाल्यानं आम्हाला जास्तीची मिरची घालून वाटेला लावलं. लिफ्टमध्ये मात्र त्या हसत नव्हत्या. सातव्या-आठव्या मजल्याच्या आसपास एवढंच म्हणाल्या, "गिऱ्हाइकांची मापं अजून तोंडपाठ आहेत मला. बायका जाड झाल्या असतील, तेवढं बघावं लागेल."

दुपारी जेवताना त्यांनी सांगितलं: शाळेच्या सुट्ट्या लागेपर्यंत राहते, मग कराड. पास काढू नकोस.

निखिलचा घास थांबला. "आई, अगं काल ती एवढी मोठी लेखिका काय म्हणाली ते..."

"काय म्हणाली ते या भाऊंनी सकाळी सांगितलं. खरं काय ते."

निखिल माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही पाहुणे आहात. आमच्या घरात हे कशाला? काल इतकं छान सांभाळलं होतंत!"

मी म्हणालो, "निखिल, कालचं ते खोटं होतं."

"ते मला माहीत आहे हो!" तो ओरडला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

गौरीनं वरणाची वाटी खाली ठेवली. "मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "मीही टाळ्या वाजवल्या. आई इथे असल्या की मी आठ वाजता घरी येऊ शकते, म्हणून वाजवल्या." तिनं सासूकडे पाहिलं नाही. "सॉरी, आई."

जुळ्यांपैकी एकानं विचारलं, "आजी गोइंग होम, इझ इट?" सुमनताईंनी त्याच्या ताटात तूप वाढलं. "गोइंग. आणि मे महिन्यात तुम्ही कमिंग. दुकानात बसायचं, बटणं लावायची."

निखिल उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ खालच्या फूड सेंटरकडे बघत उभा राहिला. परत आला तेव्हा त्यानं विचारलं, "दुकानाची किल्ली कुठे आहे, आई?" सुमनताईंनी ती गळ्यातून काढून दाखवली. साखळीतच अडकवलेली होती. इतके दिवस आमच्यापैकी कोणाला दिसली नव्हती.

चांगी

निघायच्या दिवशी मी हेल्वेबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. अर्थातच त्यांना आधीच कळलेलं होतं. "त्या बाईंना खरं सांगितलंत?"

"सांगितलं."

"टाळ्या?"

"नाही. जास्तीची मिरची मिळाली."

"मग अनुवाद बरा झाला असेल," त्या म्हणाल्या, आणि शहाळं फार गोड होतं असं मंडळाला कळवायला सांगितलं.

विमानतळावर सोडायला चीफ आले होते. सुमनताईंची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण मोठ्या मनानं त्यांनी तो विषय टाळला. हात हातात घेऊन म्हणाले, "वहिनींना नमस्कार सांगा. गुडघ्यांना जपायला सांगा."

"चीफ, गुडघे ठणठणीत आहेत. ती माझ्याबरोबर राहत नाही. दापोलीला असते. तिला तिथे बरं वाटतं."

चीफनी आजूबाजूला पाहिलं, कोणी मराठी नाही ना म्हणून. मग माझ्या जवळ सरकून म्हणाले, "असं विमानतळावर नका हो सांगू लोकांना. रिलोकेट झाल्या म्हणा."

पुण्याला आल्यावर मी दापोलीला फोन लावला. नंदाला वाटलं, काहीतरी वाईट घडलं असणार, कारण मी आपणहून फोन करत नाही. मी तिला टिशूच्या पाकिटापासून सगळं सांगितलं. शहाळ्याशी ती हसली. उशीशी हसली नाही. बोलता बोलता ती रोपांना पाणी घालत होती, त्याचा आवाज येत होता.

"त्या बाई खरं काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. "नीट सांग."

मी सांगितलं. आठवण रोज आली. पश्चात्ताप एकदाही झाला नाही. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही.

पाणी घालायचा आवाज थांबला.

"दोन्ही वाक्यं बरोबर आहेत," नंदा म्हणाली.